आरोग्य-प्रश्नोत्तरे : बाळंतिणीचे किती रक्त गेले, हे मोजायला हवे

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना लागला आहे. थोरल्या लेकीच्या बाळंतपणात बाळ बाहेर येताच सिस्टरांनी तिच्या मांडीत इंजेक्शन दिले होते. आमच्या सासूबाई म्हणायच्या की, बाळंतिणीच्या अंगावरून जितके जाईल तितके बरे. मग ते कमी करणारे औषध कशाला? शिवाय आता आशाताई कसल्याशा संशोधनाचा कन्नड कागद घेऊन आल्या आहेत. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. मी त्यावर सही करावी का?
– एक वाचक, जांबोटी परिसर, ता. खानापूर

उत्तर : आधी इंजेक्शनाचे पाहू. बाळ जन्मल्यावर वार सुटते आणि ती जिथे चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. दिवस भरत आल्यावर गर्भपिशवीला दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पुरवले जात असते. पिशवीचे स्नायू आवळले गेले की या वाहिन्या दाबल्या जातात आणि स्राव आटोक्यात येतो. पिशवी सैल राहिली, तर धडधाकट बाईचाही जीव काही तासांत धोक्यात येतो, आणि मुळातच अंगात रक्त कमी असेल तर त्याहून लवकर. तुमच्या लेकीला दिलेले इंजेक्शन बहुधा ऑक्सिटोसिनचे असावे. ते पिशवी आवळून धरते. पुढचे काही आठवडे अंगावरून जे जाते ते या औषधाने अडत नाही, त्यामुळे काही आत साचून राहील ही भीती बाळगू नये.

या प्रश्नावरचे एक महत्त्वाचे संशोधन आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि सुईनेच द्यावे लागते. त्या काळी घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणांत ही सोय कुठून असणार? म्हणून बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसोबत 2002 ते 2005 या काळात खेड्यांतील 1,620 स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉल या पिशवी आवळणाऱ्या औषधाच्या 600 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या गेल्या आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. त्या दिल्या डॉक्टरांनी नव्हे, तर गावोगावच्या साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांनी. अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत 12 टक्के होते, ते औषध मिळालेल्यांत 6.4 टक्क्यांवर आले. काहींना थंडी वाजून ताप आला, तो लवकर उतरला. हे निष्कर्ष 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

मला स्वतःला मात्र या अभ्यासातली गोळीपेक्षा एक प्लास्टिकची चादर अधिक मोलाची वाटते. बाळ जन्मल्यावर ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवतात. चादरीच्या खालच्या टोकाला निमुळती पिशवी असते आणि पिशवीवर मापाच्या रेघा असतात. एरवी रक्त चिंध्यांत, गादीत, फरशीवर जाते आणि ‘नेहमीइतकेच गेले’ असे नजरेने ठरवले जाते. बेळगावातच केलेल्या तुलनेत नजरेचा अंदाज चादरीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील 80 रुग्णालयांत अशा मापाच्या चादरीने मोजणी केली आणि रक्तस्राव जास्त दिसताच गर्भपिशवीला मालिश, औषधे, सलाइन व तपासणी हे सारे एकापाठोपाठ न करता एकदमच सुरू केले, तेव्हा अतिरक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटले. तो अभ्यास 2023 चा आहे. तेव्हा सुनेला दवाखान्यात नेताना ‘रक्त मोजता का?’ असे सिस्टरांना खुशाल विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही. सुनेच्या तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावर, हिमोग्लोबिनचा आकडाही आताच पाहून ठेवा, कारण 11 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसेल इतका वेळ अजून हाताशी आहे. पावसाळ्यात दिवस भरत असतील, तर कणकुंबीच्या बाजूचे रस्ते कसे होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आठवडाभर आधी खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे येऊन राहणे बरे.

आता कागदाचे. सही तुम्ही करायची नाही, सुनेने करायची, आणि तीही तिला सारे समजल्यावर. संशोधनाची माहिती सहभागी होणाऱ्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत देणे हा नियम आहे. मराठी प्रत मागा. कोणते औषध, कोणती तपासणी, किती वेळा रक्त काढणार आणि त्रास झाल्यास खर्च कोण करणार, हे स्पष्ट विचारा. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडले, तरी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. घाईने सही मागितली जात असेल, तर कागद घरी ठेवून घ्यावा.

प्रश्न : बाळंतिणीला सव्वा महिना पाणी कमी द्यावे, असे घरात म्हणतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान अधिक लागते. मागेल तेवढे पाणी द्यावे, कोमट हवे तर कोमट. सव्वा महिन्यात लक्ष ठेवायचे ते दुसऱ्याच गोष्टींवर : तासाच्या आत पॅड पूर्ण भिजणे, मोठ्या गाठी जाणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, आणि डोळ्यांसमोर अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी. शेवटचे लक्षण वाढलेल्या रक्तदाबाचे असू शकते, आणि गरोदरपणात रक्तदाब ठीक असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर हा त्रास होतो. यांपैकी काहीही दिसले, तर शेक-शेगडीत वेळ न घालवता 108 ला फोन करावा.