पाच दंडफेऱ्यांनंतर

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या रूपोल्डिंगला झालेल्या बायथलॉनच्या, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या आपल्या खेळाच्या, स्प्रिंट शर्यतीचा निकाल मी त्याच संध्याकाळी पाहिला होता, तरी तुझ्या ईमेलची वाट पाहत थांबलो, कारण निकालाच्या यादीत एकेचाळिसावा क्रमांक दिसतो, तो का आला हे दिसत नाही. "इतकी वर्षे रायफल हातात धरूनही मला पन्नास मीटरवरची एवढी मोठी चकती पाडता येऊ नये?" असे तू लिहिले आहेस. ते वाचून मला वाटले, की तुला शर्यत बिघडल्याचे दुःख आहेच, पण नेमबाज म्हणून मान खाली घालावी लागली याची सल त्याहून अधिक आहे. म्हणून आधी त्या सलीविषयी लिहितो.

तू पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर तयार झालीस आणि तिथली शिस्त तुझ्या अंगात मुरलेली आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले, तेही .22 च्याच रायफलने आणि 50 मीटरवरच. त्या खेळात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम 10.4 मिलिमीटर असतो आणि एखादी गोळी जराशी भरकटली तरी तिची किंमत शेवटपर्यंत मोजावी लागते. आपल्या बायथलॉनमध्ये प्रोनची, म्हणजे पालथे पडून मारायची, चकती 45 मिलिमीटरची आणि स्टँडिंगची, म्हणजे उभ्याने मारायची, 115 मिलिमीटरची असते, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला हे काम सोपे वाटते. पण तो नेमबाज श्वास पूर्ण शांत झाल्यावर चाप ओढतो, आणि तू किमान साडेतीन किलोची रायफल पाठीवर घेऊन, चढ चढून, छातीत धडधड चालू असतानाच मॅटवर येतेस. दोन्हीकडची रायफल एकाच बोअरची असली तरी एकीकडची फूटपट्टी दुसरीकडे चालत नाही.

या खेळात चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे बहुधा एक दंडफेरी मारावी लागते, तरी जिंकणाराही चुकतो. प्याँगचांगच्या 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये योहानेस बो हा नॉर्वेचा खेळाडू संभाव्य विजेता म्हणून उतरला आणि स्प्रिंटमध्ये चार गोळ्या चुकवून एकतिसावा आला. चारच दिवसांनी वीस किलोमीटरच्या शर्यतीत तो पुन्हा दोनदा चुकला, म्हणजे तिथल्या नियमाप्रमाणे दंडफेऱ्यांऐवजी दोन मिनिटांचा दंड त्याच्या वेळेत मिळवला गेला, तरीही सुवर्णपदक त्याचेच होते. त्याच शर्यतीत फ्रान्सच्या मार्टिन फूरकादने अठरा गोळ्या अचूक मारल्या आणि शेवटच्या दोन चुकवल्या; हाताशी आलेले पदक गेले आणि तो पाचवा आला. तरी त्या ऑलिंपिकमधून तो तीन सुवर्णपदके घेऊन परतला. बीजिंगला 2022 मध्ये फ्रान्सची जस्टिन ब्रेझाझ-बूशे मास स्टार्ट, म्हणजे सगळ्यांनी एकदम निघायची शर्यत, जिंकली, ती चार गोळ्या चुकवूनच. ही नावे तुझ्या समाधानासाठी काढलेली नाहीत. एकही गोळी न चुकण्याची अट या खेळाने घातलेली नाही, ती तू स्वतःवर घातली आहेस, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता तुझ्या शर्यतीकडे येऊ. प्रशिक्षकांनी दुर्बिणीतून पाहून ज्या छोट्या कागदावर तुझ्या गोळ्यांच्या खुणा केल्या, त्याचा फोटो तू पाठवलास हे फार चांगले केलेस. प्रोनच्या पाचही खुणा एकमेकींना चिकटून आहेत, फक्त सगळा पुंजका घड्याळातल्या चारच्या दिशेला सरकलेला आहे, आणि जी गोळी चुकली ती कडेवरून केसभर बाहेर गेली आहे. तिथे तुझा हात चुकलेला नाही. झिरोइंगच्या वेळी, म्हणजे शर्यतीआधी रायफलची साइट जुळवताना, होता त्यापेक्षा वारा बदलला होता, आणि मॅटवर पडण्याआधी वारा दाखवणाऱ्या निशाणांकडे पाहून साइटचे क्लिक फिरवायचे राहिले. हा दोष आठवडाभरात सुधारता येतो.

स्टँडिंगची गोष्ट मात्र वेगळी आहे. पहिली गोळी लागली, दुसरी थोडक्यात वर गेली, आणि त्यानंतरच्या तीन खुणा तीन दिशांना विखुरलेल्या आहेत. वेळांचा तक्ता पाहिलास तर कारण तुलाच सापडेल: पहिल्या दोन गोळ्यांमध्ये तू नेहमीइतका अवकाश घेतलास आणि दुसरी चुकल्यावर उरलेल्या तिन्ही घाईघाईने उडवल्यास. म्हणजे गेलेले दोन-तीन सेकंद भरून काढायला निघालीस आणि त्यापायी आणखी तीन दंडफेऱ्या अंगावर घेतल्यास. दीडशे मीटरच्या एका फेरीला पंचवीसएक सेकंद लागतात. पाच फेऱ्यांचे 750 मीटर आणि दोन मिनिटे झाली. स्कीइंगच्या नुसत्या वेळेत तू चौदावी आहेस हेही त्याच तक्त्यात आहे, पण ते तुझ्या पत्रात कुठेच नाही!

तेव्हा चुकलेल्या गोळीनंतर काय करायचे हे आधीच ठरवून ठेव आणि त्याचा सराव कर. रायफल खांद्यावरून थोडी खाली घे, एक पूर्ण श्वास सोड, पायांवरचा तोल पुन्हा सांभाळ आणि मगच पुढच्या चकतीकडे वळ. यात तीन-चार सेकंद जातील. पंचवीस सेकंदांपुढे तो सौदा वाईट नाही. रोज खोलीत ड्राय फायरिंग, म्हणजे गोळी न भरता नेमाचा सराव, करताना मैत्रिणीला मध्येच कुठल्याही गोळीला "मिस" म्हणायला सांग आणि त्यानंतरची कृती दरवेळी अगदी तशीच कर. नुसते चांगले नेम गिरवत बसलीस तर शर्यतीत याचा उपयोग होणार नाही.

स्कीला लावलेल्या मेणाबद्दल तू जे लिहिले आहेस त्यात तथ्य असेलही. फ्लोरिनयुक्त मेणावर 2023-24 च्या हंगामापासून बंदी आल्यावर ओल्या बर्फात सगळ्यांचीच तारांबळ उडते. पण चौदाव्या वेळेच्या स्कीवर खापर फोडू नये. रायफलचा बट बदलण्याचा विचारही हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेव. निराशेच्या भरात बदललेले सामान पुढच्या शर्यतीत नव्या शंका घेऊन येते.

रडू आले असेल तर त्याची लाज बाळगू नकोस. घरी मात्र आज फोन कर, कारण आईने निकाल पाहिलेला आहे आणि तू गप्प आहेस म्हणून ती मलाच दोनदा विचारून गेली. तिला दंडफेऱ्यांचा हिशेब सांगत बसू नकोस, जेवलीस का तेवढे सांग.

शनिवारच्या शर्यतीआधी मला फक्त दोन गोष्टी कळव: झिरोइंगच्या वेळी निशाणे कोणत्या दिशेला होती आणि साइट किती क्लिक फिरवलीस. शर्यत झाल्यावर क्रमांक कळवण्याआधी तो खुणांचा कागद पाठव.

कळावे,
तुझे सर