फेरूल नंबर आधी, बाण मग

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सातपूरच्या एका प्रेस शॉपमध्ये ३१ वर्षं मेंटेनन्स फिटर आहे. पुढच्या वर्षी रिटायर होतोय. मालकांच्या मुलाने एक टॅब आणलाय. तो मशीनसमोर धरला की स्क्रीनवर त्याच मशीनच्या चित्रावर बाण आणि सूचना उमटतात, कुठला बोल्ट आधी, कुठला व्हॉल्व्ह नंतर. मला सांगितलंय की महिनाभर बसून तुमची सगळी कामं यात भरून द्या. सगळं भरून दिलं तर माझी किंमत काय उरली? नाही दिलं तर मी गेल्यावर पोरांचे हाल होतील. शिवाय हे खरंच चालतं का, तेही सांगा.
– एक फिटर, सातपूर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरांच्या हालाची काळजी तुम्ही स्वतःहून लिहिलीत, म्हणून आधी तिथूनच सुरू करते.

मी २६ वर्षं अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. पावसाळ्यातली एक रात्रपाळी अजून डोळ्यांसमोर आहे. हायड्रॉलिक प्रेसचा रॅम, म्हणजे वरून खाली दाबणारा जड भाग, वर अडकला होता. आमचे सीनियर फिटर नाशिकरोडला घरी होते, ते फोनवरून ट्रेनी मुलाला सांगत होते, "डावीकडचा नॉब अर्धा फेरा सैल कर." त्यांच्या डोळ्यांपुढे ऑपरेटरच्या बाजूने दिसणारं मशीन होतं. मुलगा उभा होता मागे, तेलाचा पंप असलेल्या पॉवर पॅकपाशी. त्याने त्याच्या डावीकडचा नॉब फिरवला, आणि तो निघाला रॅमला वर धरून ठेवणाऱ्या काउंटर बॅलन्स व्हॉल्व्हचा. रॅम खाली सरकू लागला. खाली टेकू म्हणून सेफ्टी ब्लॉक लावलेला नव्हता. आत कोणाचा हात नव्हता म्हणून निभावलं, पंच (साच्याचा वरचा भाग) मात्र गेला. तो ब्लॉक सोडला तर दोघांचंही काम चोख होतं. फक्त एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं होतं.

तुमच्या त्या टॅबचा खरा उपयोग इथे आहे. खूण थेट वस्तूवर बसते, तुम्ही मशीनच्या पुढे उभे राहा नाहीतर मागे. व्हिडिओ कॉलची सोय असेल तर घरबसल्या तुम्ही तुमच्या स्क्रीनवर व्हॉल्व्हभोवती गोल काढायचा, आणि समोरच्या पोराने मोबाईल हलवला तरी तो गोल व्हॉल्व्हलाच चिकटून राहतो. "डावीकडचा" हा शब्द बोलावाच लागत नाही.

या कल्पनेला नाव मिळालं तेही कारखान्याच्याच कामात. विमानं बनवणाऱ्या बोइंगमध्ये वायरिंगचे जुडगे मोठमोठ्या फळ्यांवर बांधत, कुठली तार कुठून न्यायची हे कागद बघत बघत. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या दोघांनी १९९२ साली मांडलं की ही माहिती कामगाराच्या डोळ्यांपुढे, फळीवरच दिसली पाहिजे. 'ऑगमेंटेड रिॲलिटी', म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूवर माहिती उमटवणं, हे नाव त्यांच्याच कामातून आलं. साध्या मोबाईलवर हे सर्रास यायला २०१७-१८ उजाडलं. तेव्हा त्यासाठीची सॉफ्टवेअर आली, ॲपलचं एआरकिट आणि गुगलचं एआरकोअर.

आता चालतं का, ते. मोबाईल कॅमेऱ्यातून मशीनवरचे ठळक ठिपके पकडतो, म्हणजे कोपरे, कडा, अक्षरं, ओरखडे. त्याच्या आत हालचाल ओळखणारे सेन्सर असतात. दोन्हींचा मेळ घालून तो आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधत राहतो. तो अंदाजच असतो, हे विसरू नका. गुळगुळीत रंगवलेला पत्रा, तेलाने चकचकणारा पृष्ठभाग, पॉलिश केलेली डाय (साचा), कोपऱ्यातला अंधार, असं काही समोर आलं की त्याला पकडायला काही उरत नाही आणि बाण घसरतो.

अंबडमध्येच एका इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या छोट्या युनिटने मला चाचणी बघायला बोलावलं होतं. टॅबवर हिरवा बाण, "ही वायर काढा". मुलाने स्क्रू ड्रायव्हर लावला. मी त्याला थांबवून फेरूल नंबर, म्हणजे वायरच्या टोकावरच्या रिंगवर छापलेला नंबर, वाचायला लावला. बाणाने सांगितलेला नंबर दोन टर्मिनल पलीकडे होता. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरचं टर्मिनल जेमतेम ५ मिलिमीटर रुंद असतं. बाण एक सेंटिमीटर सरकला की दोन वायरी चुकल्या. कारण शोधलं तर साधं निघालं. मोबाईलला ठिकाण कळावं म्हणून काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा स्टिकर लावतात, तो त्यांनी पॅनलच्या दरवाजावर चिकटवला होता. दरवाजा अर्धवट उघडला की स्टिकर फिरला, आणि त्याच्यासोबत सगळे बाणही फिरले. आतल्या माउंटिंग प्लेटवर लावला तेव्हा बरंच सुधारलं. तरी माझा आग्रह तोच: बाण जागेपर्यंत नेईल, पण वायर सोडायची ती फेरूल वाचूनच. तुमच्याकडे हाच नियम व्हॉल्व्हवरच्या टॅग नंबरला लावा.

आणि पहिली पायरी बाणाची नसू द्या. मेन बंद, त्याला कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, रॅमखाली ब्लॉक, प्रेशर गेज शून्यावर, मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह असेल तर आत साठलेली वीज उतरेपर्यंत त्यावर लिहिलेली मिनिटं थांबणं. हे झाल्याचा फोटो काढल्याशिवाय पुढची पायरी उघडणारच नाही, अशी सोय त्या मुलाकडून करून घ्या. एका हातात टॅब आणि दुसऱ्या हातात पाना, असं काम कोणालाही करू देऊ नका. लोहचुंबकाचा स्टँड लागतोच.

आता तुमच्या किमतीचं. भाऊ, बाण कुठे लावायचा हे तुमच्याशिवाय त्यांना कोण सांगणार? आणि जे बाणात बसत नाही ते तर तुमच्याच कानात आणि नाकात आहे. सक्शनचा स्ट्रेनर (तेल ओढणाऱ्या पाइपाची जाळी) तुंबला की पंप कसा खडखडतो, तेल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलंय, कॉइल जळायच्या आधी कसा वास येतो. हे तुमच्या आवाजात, तुम्ही पोरांशी बोलता तसंच रेकॉर्ड करा. तेलकट हातमोज्यांनी स्क्रीन चालत नाही, कानावर पडलेलं चालतं. सगळी मशीनं एकदम घेऊ नका. वर्षात सर्वांत जास्त वेळा बंद पडणारं एक घ्या आणि त्यातलं एकच काम नीट भरा. मग ज्याने ते मशीन कधी उघडलेलं नाही, अशा पोराला तुमच्यासमोर करायला लावा. तो जिथे अडतो तिथे तुमचं सांगणं अपुरं आहे, असं समजून तेवढी पायरी पुन्हा भरा.

मालकांशी मात्र आधीच स्पष्ट बोला. प्रत्येक कामावर तुमचं नाव असावं, आणि रिटायर झाल्यावर दुरुस्तीसाठी ठरलेलं मानधन लेखी मिळावं. उद्या एखादा व्हॉल्व्ह दुसऱ्या मेकचा बसला की जुना बाण चुकीचा ठरतो. तो बदलणारं माणूस त्यांना लागणारच आहे. हे मागताना संकोच करू नका, तुमच्या ३१ वर्षांचा तो हक्क आहे.

प्रश्न : सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत १८ माणसांचं युनिट आहे. या बाणांसाठी डोळ्यांपुढेच चित्र दाखवणारे चष्मे घ्यावेत की मोबाईल पुरेल?

उत्तर : मोबाईल घ्या. गुगलने कारखान्यांसाठीच्या 'ग्लास' या चष्म्याची विक्री २०२३ मध्ये थांबवली, मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या चष्म्याचं उत्पादन २०२४ मध्ये बंद केलं. महागडा चष्मा घेऊन उद्या अपडेट मिळेना, असं लहान युनिटला परवडत नाही. अँड्रॉइड मोबाईल असेल तर तो एआरकोअरच्या यादीत आहे का, एवढं आधी बघा. पेंट बूथमध्ये किंवा थिनरच्या साठ्याजवळ मात्र साधा मोबाईल नेऊ नका, तिथे ठिणगीचा धोका असतो.

प्रश्न : मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला हे ॲप बनवायला शिकायचंय. सुरुवात कशी करू?

उत्तर : बाळ, आधी ड्रॉइंग वाचायला पक्की शीक. युनिटी हे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, त्यावर खूण ओळखून चित्र दाखवणारं छोटं ॲप जमेल. पहिला विषय तुमच्या वर्कशॉपमधल्या बोर्डावरचा, मोटर सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर घे. पॉवर बंद ठेवून मोबाईल धरला की तीन कॉन्टॅक्टरवर (विजेने ओढले जाणारे स्विच) नावं दिसावीत, आणि स्टार-डेल्टा एकत्र ओढले जाऊ नयेत म्हणून लावलेल्या इंटरलॉकच्या दोन वायरी लाल रंगात उमटाव्यात. जमलं की त्याचा व्हिडिओ मला पाठव. बाण हलत असले तरी चालेल.