कुराणाचे विषय, गल्ल्यावर बसून पाहिलेले

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लहानपणी मोहल्ल्यातल्या मौलानांकडे दोन खतम झाले, म्हणजे अख्खं कुराण दोनदा वाचून झालं, पाठांतर अजून शाबूत आहे, पण अर्थ कधी कानावर पडला नाही. आता पुण्यात नोकरीला असताना मराठी भाषांतर आणलंत आणि सूरा बकरातच, म्हणजे दुसऱ्याच अध्यायात, दम निघाला. गोष्ट मध्येच तुटते, मध्येच कायदा येतो, परत पैगंबर मूसा अलैहिस्सलाम येतात. म्हणून तुम्हाला मुख्य विषयांची यादी हवी आहे, आणि ते विषय रोजच्या जगण्यात कसे आणायचे तेही.

यादी चार ओळींची आहे, देऊन टाकतो. अल्लाह एक आहे, ही तौहीद. त्याने माणसांकडे पैगंबर पाठवले, ही रिसालत. मेल्यावर उठून हिशेब द्यायचा आहे, ही आखिरत. आणि या तिन्हींना धरून माणसाने माणसाशी कसं वागायचं. मदरशातला दहा वर्षांचा पोरगाही एवढं सांगेल. पण ही यादी तोंडपाठ असलेली माणसंसुद्धा उधारी बुडवतात आणि बहिणीचा हिस्सा गिळून बसतात. आमच्याच घरात बसली होती, त्याबद्दल शेवटी सांगतो. मी आलिम, म्हणजे धर्माचा शिकलेला जाणकार, नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात पस्तीस वर्षं किराणा दुकान चालवलं, आता मुलगा चालवतो. फतवा माझ्याकडे मागू नका, गल्ल्यावरून जे दिसलं तेवढंच माझ्यापाशी आहे.

आधी दम का लागला ते. कुराण एका बैठकीत उतरलेलं नाही. मक्केत सुमारे १३ वर्षं आणि मदिनेत १०, असं २३ वर्षांत थोडं थोडं उतरलं. आणि आपल्या हातातल्या प्रतीत सूरा उतरल्या त्या क्रमाने लावलेल्या नाहीत. फातिहा सोडली तर साधारण मोठ्या आधी, छोट्या नंतर. पहिल्यांदा उतरलेल्या आयती (वचनं), 'इकरा'पासूनच्या, आहेत ९६व्या सूरेत. तुम्ही जिथे दमलात ती बकरा मदिनेतली, २८६ आयतींची, ११४ सूरांमध्ये सगळ्यात लांब. तोवर मुसलमानांची वस्ती उभी राहिली होती, त्यांची लग्नं, तलाक, कर्जं, लढाया सगळं चालू होतं, म्हणून तिथे कायदे येतात. तुम्ही घरात पुढच्या दाराने शिरायच्या ऐवजी एकदम कागदपत्रांच्या कपाटापाशी जाऊन उभे राहिलात.

शेवटून सुरुवात करा. कुराणाच्या तीस भागांपैकी शेवटचा, तिसावा पारा, आपला अम्मा पारा. तो तुम्हाला पाठ आहे म्हणता, तर अर्धं काम झालेलंच आहे. रोज एक छोटी सूरा, तिचा अर्थ, आणि पुस्तक बंद. नमाजेत तीच सूरा लावा. अर्थ कळल्यावर तोंडातले तेच शब्द वेगळे लागतात. नुसत्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजेत फातिहा दिवसाला १७ वेळा म्हणतो आपण. सात आयती. त्यांचा अर्थ मला वयाच्या तिशीपर्यंत सलग सांगता आला नसता, यात माझ्या मौलानांचा दोष नाही, मी विचारलंच नव्हतं.

आता विषय जगण्यात आणण्याचं. माझ्या वाचण्यात एक गोष्ट आली आणि मग ती जागोजाग दिसायला लागली. कुराण सगळ्यात मोठी गोष्ट सांगतं आणि तिला लागूनच एकदम घरगुती गोष्ट ठेवतं. सूरा रहमान बघा. सूर्य-चंद्र हिशेबाने चालतात, झाडं सजदा करतात, माथा टेकतात, आकाश उंच उचललं आणि तराजू ठेवला. एवढं झाल्यावर पुढे काय यावं? वजन नीट करा, मापात कमी देऊ नका! आकाशाखालोखाल थेट दुकान. पैगंबर शुऐब अलैहिस्सलाम मदयनच्या लोकांकडे गेले ते दोन निरोप घेऊन: एका अल्लाहची बंदगी करा, आणि माप-तोल पुरा द्या. हे दोन्ही एका दमात सांगितलेलं आहे.

माझा स्वतःचा किस्सा. अम्मा पाऱ्यात मुतफ्फिफीन ही सूरा आहे. लहानपणापासून पाठ. एका पावसाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून गल्ल्यावर भाषांतर घेऊन बसलो. सूरा सुरू होते ती मापात मारणाऱ्यांच्या धिक्काराने. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतात, दुसऱ्याला मोजून देताना कमी देतात. लगेच पुढे विचारलंय, यांना वाटत नाही का की एका मोठ्या दिवशी यांना उठवलं जाणार आहे? म्हणजे आखिरत आली ती तराजूच्या पाठोपाठ.

मी मनात म्हटलं, आपला पासंग तर रोज सकाळी तपासतो, वजनांवर सरकारी शिक्का आहे, आपल्याला काय. आणि समोर माझाच मुलगा काजू तोलत होता. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यासकट. तेव्हा सगळेच तसं तोलायचे. पण त्याच सकाळी घाऊक व्यापाऱ्याच्या माणसाशी मी पोत्याचं बारदान वजनातून वजा करण्यावरून भांडलो होतो. घेताना बारदान कापून घेतलं, देताना खोकं काजूच्या भावाने विकलं. आयतीत दुसरं काय लिहिलं होतं? त्या दिवसापासून रिकामं खोकं आधी पारड्यात ठेवून मग तोलायचं ठरलं. महिन्याच्या नफ्यात फरक पडला, नाही असं नाही.

तुम्ही कॉम्प्युटरवर काम करता, तुमच्याकडे पारडं नाही. पण घेताना पुरतं आणि देताना उणं, हे प्रत्येक नोकरीत असतं. पगार एक तारखेला झाला नाही तर दोन तारखेला फोन, आणि आपण कामाचे तास भरताना मात्र हात सैल. तुमचं खोकं कुठलं ते तुम्हालाच माहीत.

माऊन ही सूराही अशीच. सात आयती, मोबाइलवर एका नजरेत मावते. दीन, म्हणजे धर्म, खोटा ठरवणारा कोण, तर अनाथाला धक्का देऊन हाकलणारा, गरिबाच्या जेवणाचा आग्रह न धरणारा. मग नमाज पढणाऱ्यांनाच दम दिलाय, जे नमाजेपासून गाफील आहेत, दिखावा करतात, आणि 'माऊन' देत नाहीत. हा माऊन म्हणजे काय? तफसिरांत, म्हणजे कुराणाचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथांत, सांगतात: पातेलं, कुऱ्हाड, बादली, अशा शेजाऱ्याने मागितल्यावर द्यायच्या बारीकसारीक वस्तू. अर्थ वाचला तेव्हा मला आमची शिडी आठवली. आमच्याकडे लांब शिडी होती आणि ती मागायला कुणी आलं की आमच्या घरात एकच उत्तर असायचं, वाडीत गेली आहे. शिडी पडवीत आडवी असायची.

तकवा हा शब्द तुम्हाला पानोपानी भेटेल आणि भाषांतरात तो कुठे 'ईशभय' होतो, कुठे 'धर्मपरायणता'. दोन्ही मला जड वाटतात. पैगंबरांचे साथी हजरत उमर यांनी दुसरे साथी उबय इब्न काब यांना तकव्याचा अर्थ विचारला तो प्रसंग त्यापेक्षा सोपा आहे. उबय यांनी उलट विचारलं, काट्यांच्या वाटेने कधी गेलात का? गेलो. मग काय केलंत? कपडे आवरून घेतले आणि जपून चाललो. तोच तकवा. कोकणातल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये करवंदीच्या जाळीत शिरताना आपण लुंगी वर खोचतो, पाऊल बघून टाकतो, आणि करवंदंही खातो. जाळीकडे जाणंच सोडून देत नाही.

आता उधारीच्या वहीचं. अख्ख्या कुराणातली सगळ्यात लांब आयत कसली असेल असं मी एकदा जुम्याच्या, शुक्रवारच्या नमाजेनंतर बसलेल्या मंडळींना विचारलं होतं. कुणी जन्नत म्हणालं, कुणी नमाज. ती आहे उधारीच्या कागदाची! बकरा, २८२वी. मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहावं. मजकूर सांगावा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने, आणि त्याने काही कमी करून सांगू नये. साक्षीदार घ्या. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. रोखीचा हातोहात व्यवहार असेल तर नाही लिहिलं तरी चालेल. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नका.

यातला 'मजकूर देणेकऱ्याने सांगावा' हा भाग मला फार उशिरा कळला. आमच्या वहीत मीच लिहायचो, गिऱ्हाईक विश्वासाने मान हलवायचं. एका मच्छीमार कुटुंबाशी त्यावरून वाजलं. तो म्हणे ५०० दिले, माझ्या वहीत नाहीत. घरी धुंडाळल्यावर पैसे आल्याची चिठ्ठी माझ्याच सदऱ्याच्या खिशात सापडली, धुऊन लगदा झालेली. माफी मागितली, पण गावात चार दिवस बोलणं झालंच. तेव्हापासून गिऱ्हाइकालाच आकडा बोलायला लावायचो, त्याच्या समोर लिहायचो, आणि त्याच्याकडच्या छोट्या डायरीतही तोच आकडा टाकायचो. मित्राला, मेहुण्याला पैसे देताना 'आपल्यात कसलं लिहिणं' म्हणतो आपण. मोबाइलवर एक मेसेज त्यानेच टाकावा, अमुक इतके घेतले, अमुक तारखेपर्यंत देतो. नाती मोडतात ती बहुधा न लिहिलेल्या पैशांवरून.

दोन आयती आधी, २८०व्या आयतीत, दुसरी बाजू आहे. देणेकरी अडचणीत असेल तर सवड होईपर्यंत त्याला मुदत द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्याच भल्याचं. आमच्याकडे १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, जुलैअखेरपर्यंत तरी होड्या किनाऱ्याला. त्या दिवसांत खलाशाच्या दारात वही घेऊन जाणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. जाळी परत पाण्यात पडून चार पैसे हातात येईपर्यंत थांबायचं, हा आमच्याकडे 'सवड होईपर्यंत'चा अर्थ. बुडाले काही. त्यांची पानं मी नंतर फाडली. सगळी नाही, खरं सांगायचं तर दोन पानं अजून ठेवली आहेत, कारण त्या दोघांची आता पक्की घरं झालीत. आयतीत 'अडचणीत असेल तर' म्हटलंय.

बाकीचं भराभर सांगतो. सूरा हुजुरात १८ आयतींची आहे, ती मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात जाण्याआधी वाचावी: टिंगल नको, नावं ठेवणं नको, संशय नको, पाळत नको, पाठीमागे बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. त्याच सूरेत पुढे सगळ्या माणसांना उद्देशून म्हटलंय की तुम्हाला वेगवेगळ्या जमाती केलं ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. माईदातली ८वी आयत ऑफिसात राजकारण तापलं की आठवा: कुणा लोकांविषयीच्या रागापायी अन्याय करू नका. आईवडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये हे बनी इसराईलमध्ये आहे, पाळायला सगळ्यात कठीण तेच. आणि गोष्ट तुटते म्हणून कंटाळला असाल तर सूरा यूसुफ घ्या. १११ आयतींत एकच गोष्ट सलग सांगितली आहे. विहिरीत टाकणारे भाऊ शेवटी समोर येतात आणि यूसुफ अलैहिस्सलाम म्हणतात, आज तुमच्यावर काही ठपका नाही. वाटणीवरून भावाशी बोलणं बंद असलेल्या माणसाने ती एकट्याने वाचू नये, गळा भरून येतो.

वाटणीचं निघालं तर शेवटचं. सूरा निसात ७व्या आयतीपासून वारसाहक्क आहे. आईबाप मागे ठेवतात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि बायकांचाही, थोडं असो की जास्त, ठरवून दिलेला. पुढे आकडे. आमचे आईवडील गेले तेव्हा मागे कलमांची बाग होती, आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. हिशेब अगदी सोपा: सहा भाग, भावांचे दोन-दोन, बहिणींचा एकेक. आम्ही काय केलं? कोकणात सगळे करतात तेच. बहिणींना तालुक्याला नेलं, हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, परतताना हॉटेलात जेवू घातलं. त्यांनी राजीखुशीने दिल्या असं आम्ही म्हणायचो. माहेर तुटेल या भीतीने दिलेल्या सहीला राजीखुशी म्हणायचं असेल तर होती. दरवर्षी मे महिन्यात दोघींना हापूसच्या दोन-दोन पेट्या पाठवायचो आणि आपण बहिणींचं किती करतो असं वाटून घ्यायचो.

निसा अर्थासकट वाचायला मला पन्नाशी उजाडली. ज्या आयतींत हे हिस्से आहेत त्यांच्या शेवटी म्हटलंय, या अल्लाहच्या मर्यादा आहेत. नमाजेचा सल्ला देणारे गावात पुष्कळ भेटले होते, या आयतींबद्दल मला एकानेही टोकलं नव्हतं. धाकट्या भावाला पटायला दोन वर्षं लागली. कागद परत फिरवणं कटकटीचं होतं, म्हणून दर हंगामाच्या शेवटी बागेचा खर्च वजा जाता जे उरेल त्याचे सहा भाग करायचे ठरलं. पहिल्या वर्षी पैसे आणि हिशेबाचा कागद घेऊन मी थोरल्या बहिणीकडे चिपळूणला गेलो. तिने कागद वाचला, घडी घालून कपाटात ठेवला, पाणी आणून दिलं आणि विचारलं, "म्हणजे आता पेट्या बंद का?"

पेट्या चालू आहेत.