चौकोन काळा रंगवला, म्हणून घाबरायचं का?

“मॅडम, तिने अख्खा चौकोन काळा करून टाकलाय. बाकीच्यांनी कशी फुलं, पक्षी काढलेत. तिला डिप्रेशन तर नाही ना?”

नववीतल्या एका मुलीच्या आईचा हा फोन. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) लॉकडाऊनमध्ये असे फोन वरचेवर यायचे, अजूनही येतात. मुलांच्या चित्रात काळा रंग, गज, बंद दारं, तोंड नसलेली माणसं दिसली की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. त्यात कुठला रंग म्हणजे कुठली मनोवृत्ती, असले तक्ते मोबाइलवर फिरत असतात. या ताईंनीही एक वाचला होता.

आधी ते चित्र आलं कुठून, ते सांगते. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या. युनेस्कोच्या आकडेवारीप्रमाणे त्या एप्रिलमध्ये जगभरातले दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले होते. मी ज्या शाळेत समुपदेशन करत होते, तिथल्या चित्रकलेच्या सरांना मुलांकडून काहीतरी एकत्र करून घ्यायचं होतं. विषय ठरला, ‘या दिवसांतलं माझं मन’. शाळेच्या मनात स्पर्धा होती, पहिलं-दुसरं बक्षीस वगैरे. त्याला मी कडाडून विरोध केला. मुलाने मनातली भीती कागदावर उतरवायची आणि आपण तिला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र द्यायचं, हा कसला प्रकार!

मग सरांनीच एक युक्ती काढली. प्रत्येकाने घरी असेल त्या कागदावर पंधरा सेंटिमीटरचा चौकोन आखायचा. चित्र झालं की फोटो सरांना पाठवायचा. सर त्याची उजवीकडची दोन सेंटिमीटरची कड तेवढी कापून पुढच्या मुलाला पाठवणार. त्या कडेवर येऊन थांबलेल्या रेघा, रंग आपल्या चौकोनात पुढे न्यायचे आणि मग हवं ते काढायचं. शेजारी कोण, हे कुणालाच सांगायचं नाही. शेवटी सगळे चौकोन जोडायचे. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधले अतिवास्तववादी कलावंत घडी घातलेल्या कागदावर असाच एक खेळ खेळायचे. पुढचा भिडू आधीच्याच्या रेघांची टोकं तेवढी बघायचा.

मला यातली चौकट महत्त्वाची वाटली. कोरा कागद देऊन ‘मनातलं काढा’ म्हटलं की निम्मी मुलं थिजतात. अमेरिकेतल्या नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मंडल (वर्तुळातली नक्षी) किंवा चौकडीची तयार आकृती रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली, कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांची तशी झाली नाही. सुरुवातीला कुठेतरी हात टेकायला जागा लागते. इथे ती शेजाऱ्याच्या कडेने दिली. अर्थात या उपक्रमाला कुणी ‘आर्ट थेरपी’ म्हटलं की मी लगेच अडवते. ती प्रशिक्षित माणसाने करायची उपचारपद्धती आहे. इथे सर होते, मुलं होती आणि अडलं तर मी होते, एवढंच.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. चित्रावरून मन ओळखायचे प्रयत्न जुनेच आहेत. जॉन बक यांची घर-झाड-माणूस चाचणी १९४८ मधली. पण अशा चाचण्यांच्या भरवशाबद्दल मानसशास्त्रात कायम वाद राहिला आहे, आणि एका रंगावरून नैराश्याचं निदान तर कुणीच करू शकत नाही. काळा रंग हाताशी होता म्हणूनही वापरला जातो. म्हणून ताईंना म्हटलं, “चित्र तिचं आहे, तिलाच विचारू या. तुम्ही ‘असं का काढलंस?’ म्हणू नका. त्याने मूल स्पष्टीकरण देऊ लागतं. ‘मला दाखव ना, यात काय काय आहे?’ एवढंच विचारा.”

ताईंनी विचारलं. उत्तर आलं, “काही नाही.” मग दुसऱ्या दिवशी मी मुलीलाच फोन केला. व्हिडिओ कॉल नको म्हणाली, म्हणून नुसतं बोललो.

“सगळे काळा काळा म्हणतायत,” ती जरा चिडूनच म्हणाली. “तुम्ही फोटो मोठा करून बघा, मॅडम.”

मी मोठा केला. काळ्याच्या मधोमध, नीट पाहिलं तरच दिसेल असं एक अक्षर होतं. तिने आधी पांढऱ्या मेणाच्या खडूने तिच्या नावाचं पहिलं अक्षर दाबून काढलं होतं आणि वरून पाण्यातला काळा रंग फिरवला होता. मेणावर रंग धरत नाही, त्यामुळे तेवढं अक्षर खालून उठून आलं होतं.

“वर्गात कॅमेरा बंद केला की मी अशी दिसते.”

म्हणजे आईला जो अंधार वाटला, ते ऑनलाइन वर्गातल्या तिच्या चौकटीचं जसंच्या तसं चित्र होतं. (चित्र म्हणून मला ते त्या सगळ्या फुला-पक्ष्यांहून सरस वाटलं, पण हे मी तेव्हा बोलले नाही.)

बोलता बोलता पुढचं कळलं. समोर दिवसभर स्वतःचाच चेहरा बघायला लागतो, तो तिला सहन होत नव्हता. गालावरच्या पुटकुळ्या, मध्येच मागून जाणारे घरचे लोक. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यात स्वतःकडे सतत पाहत राहणं हे एक आहे. आधी कॅमेरा बंद झाला, मग माईक, मग मैत्रिणींच्या मेसेजना उत्तर देणंही मागे पडलं.

तेव्हा ताईंची काळजी अगदीच निराधार नव्हती. फक्त ती चुकीच्या जागी, रंगावर, येऊन थांबली होती. मी बघते त्या गोष्टी वेगळ्या असतात. झोप किती उडाली, जेवण कसं आहे, आधी आवडायचं ते आता नकोसं झालंय का, चिडचिड किंवा उदासी दिवसाचा बहुतेक वेळ आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलीय का, जगण्याबद्दल काय बोलणं होतं. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त माहिती रंगांनी दिली नाही. सरांकडे फोटो येऊन पडायच्या वेळांनी दिली. पहाटे तीन-साडेतीनला चित्रं पाठवणारी काही मुलं होती. त्यांच्या घरी आम्ही आधी फोन केले, चित्रं गोड असली तरी.

या मुलीला मी सरळ विचारलं, “जगू नये असं कधी मनात येतं का?” पालकांना हा प्रश्न विचारायची फार भीती वाटते, आपणच तिच्या डोक्यात काही घालू की काय म्हणून. विचारल्याने तो विचार रुजत नाही, हे संशोधनातून दिसलेलं आहे. उलट मुलाला बोलायची वाट मिळते. ती “नाही” म्हणाली, आणि इतर कुठल्या गोष्टीवरूनही मला तसं वाटलं नाही. उत्तर ‘हो’ आलं असतं, तर तिला एकटं सोडायचं नव्हतं, घरातली औषधं आणि धारदार वस्तू हलवायच्या होत्या आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठायचे होते. अशा वेळी शाळा, परीक्षा, लोक काय म्हणतील, सगळं बाजूला.

तिच्या पुढच्या चौकोनातल्या मुलाकडे नुसती काळी पट्टी गेली. “सर, मला तर काळंच आलंय, यातून काय काढू?” अशी त्याची तक्रार. सर म्हणाले, “आलंय तिथून सुरुवात कर.” त्याने तो काळा रंग आपल्या चौकोनात चांगला चार बोटं पुढे ओढला आणि त्यात पांढऱ्याने छोटासा आडवी रेघ मारलेला माईक काढला. जोडलेलं चित्र पाहिल्यावर त्या मुलीचा मला मेसेज आला: “त्याने माझं झाकलं नाही.” महिनाभर मी बोलत राहिले असते तरी तिला जे पटलं नसतं, ते त्या चार बोटांनी केलं. आपल्यासारखंच आणखी कुणी बसलंय, हे मोठ्यांनी सांगून मुलांना पटत नाही. बरोबरीच्या कुणाच्या हातून दिसावं लागतं.

चित्र शाळेबाहेर कुठे टाकायचं का, हे आम्ही मुलांनाच विचारलं. काहींचा नकार होता, म्हणून ते वर्गापुरतंच ठेवलं.

तिच्याशी पुढे काही आठवडे बोलणं चालू राहिलं. मैत्रिणींपैकी एकीशी सूर परत जुळला, दुसरीशी नाही जुळला. ताईंचा नंतर प्रश्न होता, “मग आता कॅमेरा चालू कर म्हणून सांगू का?” मी नको म्हटलं. स्वतःचा चेहरा आपल्यापुरता लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती तिला दाखवून दिली. वर्गशिक्षिकांनी हजेरीपुरता कॅमेरा चालू आणि मग मर्जी, असं ठरवलं. गणिताच्या तासाला ती अजूनही बंदच ठेवते, असं ताई म्हणाल्या. पण त्या तासाला अर्धा वर्ग बंद ठेवायचा.