'रेस्टिट्यूटर ऑर्बिस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा : रोमन सम्राट ऑरेलियनच्या नाण्यांवर 'रेस्टिट्यूटर ऑर्बिस' हे लॅटिन बिरुद आहे. त्याचं मराठी 'जगज्जेता' करावं, 'जीर्णोद्धारक' करावं की 'जगाचा पुनर्स्थापक'?

'जगज्जेता' आधी बाद. ऑरेलियनची कारकीर्द इ.स. २७० ते २७५. एवढ्या काळात त्याने रोमला नवा मुलूख मिळवून दिला नाही. उलट डॅन्यूब नदीपलीकडचा डेशिया प्रांत (आजच्या रुमानियाचा भाग) सोडून दिला. त्याचं कर्तृत्व वेगळं. २६० मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणचा राजा शापूर याच्या हाती जिवंत सापडला आणि साम्राज्याची शकलं उडाली. पश्चिमेला गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग) रोमन सेनापती पोस्टुमसने वेगळी चूल मांडली. पूर्वेला पुढे सीरियातल्या पाल्मायरा नगराच्या राणी झेनोबियाने सीरिया आणि इजिप्त बळकावलं. ऑरेलियनने २७२ मध्ये पाल्मायरा घेतलं, २७४ मध्ये गॉलचा तेव्हाचा शासक टेट्रिकस शरण आला. त्याला रोममध्ये विजययात्रेत मिरवलं आणि मग इटलीतच अधिकाराची जागाही दिली! म्हणजे घरचंच गेलेलं परत आणणं. त्याला जिंकणं कसं म्हणणार?

जीर्णोद्धार देवळाचा, घाटाचा होतो. ऑरेलियनने रोमभोवती सुमारे १९ किलोमीटरचा तट बांधायला घेतला खरा, पण तो कोरा करकरीत होता.

उरला 'पुनर्स्थापक'. अर्थ चोख, फक्त लेखन सुधारा. 'पुनर्' हे रूप स्वर आणि मृदू व्यंजनांपुढे येतं : पुनरुक्ती, पुनर्जन्म, पुनर्वसन. 'स'पुढे विसर्ग राहतो, म्हणून 'पुनःस्थापक'. ('च'पुढे त्याचा 'श्' होतो, तोच 'पुनश्च हरिॐ'मधला.) शब्द लॅटिनशी तंतोतंत जुळतो, कारण 'रेस्टिट्यूटर' मुळात 're' म्हणजे पुन्हा आणि 'स्टॅट्युएरे' म्हणजे उभं करणं यांतून आला. त्यातला 'स्टा' आणि आपला 'स्था' हे एकाच मूळ धातूचे वंशज.

'ऑर्बिस'साठी मात्र मला 'जग' अपुरं वाटतं. मूळ अर्थ वर्तुळ. 'ऑर्बिस टेरारम' म्हणजे भूभागांचं वर्तुळ. आपल्याकडे 'भूमंडळ' तयार आहे, 'मंडळ'ही वर्तुळच. तेव्हा बिरुद म्हणून 'भूमंडळाचा पुनःस्थापक'. नाण्याच्या मागच्या बाजूला एक स्त्री उभ्या सम्राटाला पुष्पहार देताना दिसते. त्या चित्राखाली हे शोभतं.

चालू गद्यात मात्र एवढा जड शब्द नको. 'ऑरेलियनने साम्राज्याची विस्कटलेली घडी बसवली' असं लिहावं, कोणीही अडखळणार नाही. आणि बिरुद दिसलं की कर्तृत्व होतंच असं धरून चालू नये. पोस्टुमसनेही स्वतःच्या नाण्यांवर 'गॉलचा पुनःस्थापक' असं कोरून घेतलं होतं, आणि गॉल रोमपासून तोडलं त्यानेच.