उत्तर: फाइलच्या मधेच शून्यं येत असतील तर डिस्क सोडा, मॅपिंग बघा

"आधी जागा राखून ठेवलेल्या फाइलमध्ये, मेमरी कमी पडली की मधेच शून्यं येतात, एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारं साधन) मात्र काहीच दाखवत नाही" हे तुमचं वाक्य वाचलं आणि म्हटलं, आलं हेच आपल्या वाट्याला. आयओमॅपवर (फाइल सिस्टिमकडून मॅपिंग, म्हणजे फाइलचा कुठला भाग डिस्कवर कुठे आणि कुठल्या अवस्थेत आहे ती नोंद, घेऊन वाचन-लेखन करणारी लिनक्स कर्नलमधली चौकट) उभ्या असलेल्या आमच्या फाइल सिस्टिम मॉड्यूलनेही हाच छळ मांडला होता.

आधी शून्यं कुठून कुठपर्यंत आहेत ते बघा. राइट 9999 व्या बाइटवर संपला आणि 10000 ते 12287 शून्यं असतील, म्हणजे नेमकी 4 केबीच्या ब्लॉकच्या शेवटापर्यंत, तर हार्डवेअरचा नाद सोडा. आमच्या स्टोरेजवाल्यांच्या सपोर्टने (नाव घेत नाही) आधी डिस्क बदलायला लावली, मग केबल, मग कंट्रोलर. दर वेळी तेच लॉग नव्याने मागायचे. बिघडलेली डिस्क सेक्टरच्या मधल्याच बाइटपासून शून्यं कशी देईल, असं विचारलं की तिकीट बंद! एफएससीकेचंही कौतुक नको, ते मेटाडेटा, म्हणजे फाइलींबद्दलच्या नोंदी तपासतं. तुमचा डेटा गेला की राहिला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

होतं असं. मोठा राइट सुरू होताना मॅपिंग घेतलं जातं: "हा एक्सटेंट अनरिटन", म्हणजे डिस्कवरच्या या सलग तुकड्याची जागा राखलीय, पण त्यात अजून काही लिहिलेलं नाही. तो राइट शेवटच्या फोलिओपर्यंत (मेमरीतल्या फाइल कॅशचा तुकडा) पोचायच्या आत, तिथे आधीपासून असलेला डर्टी (अजून डिस्कवर न गेलेला) डेटा राइटबॅकने, म्हणजे कर्नलच्या मागे चालणाऱ्या लेखनाने, डिस्कवर नेला, एक्सटेंट रिटन झाला आणि रिक्लेमने (मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेने) तो फोलिओ कॅशमधून काढून टाकला. आता राइट तिथे येतो, हातातलं शिळं मॅपिंग बघतो, आणि अनरिटन आहे म्हणून डिस्कवरून न वाचता उरलेला भाग शून्याने भरतो. डेटा गेला.

"पण इनोडचा (फाइलच्या मूळ नोंदीचा) लॉक मीच धरलाय" असं तुम्ही लिहिलंय. राइटबॅक तो लॉक घेतच नाही. ब्लॉक नंबर आणि लांबी ताडून पाहण्यातही अर्थ नाही, दोन्ही तेच राहतात, बदलते ती फक्त अवस्था. दर फोलिओला नव्याने मॅपिंग घेणं म्हणजे आयओमॅपचा फायदाच घालवणं.

एक्सएफएस या लिनक्सवरच्या फाइल सिस्टिमची पद्धत उचला. एक्सटेंट यादी बदलली की वाढणारा काउंटर, मॅपिंगसोबत त्याच लॉकखाली घेतलेली त्याची नोंद, आणि फोलिओचा लॉक मिळाल्यानंतर तुलना. लॉकआधी तपासलंत तर वाट बघतानाच मॅपिंग शिळं होऊ शकतं. जुळलं नाही तर स्टेल (शिळं) अशी खूण करून पुन्हा मॅपिंग घ्या. लिनक्स 6.2 पासून आयओमॅपमध्ये याची सोय आहे. दूरच्या बदलानेही काउंटर हलतो आणि उगाच फेरी पडते, ती पडू द्या.

माझा अनुभव आयओमॅपपुरता, तुमच्या मॉड्यूलचा लॉकक्रम मला दिसत नाही, तेव्हा आंधळेपणाने उतरवू नका. बग हमखास घडवून बघायचा असेल तर मॅपिंग घेतल्यावर मुद्दाम थोडी झोप घाला, मेमरी सीग्रुप (प्रोसेसच्या मेमरीवरची मर्यादा) आवळा आणि बाजूला एफसिंक (डेटा लगेच डिस्कवर लिहायला लावणारी कॉल) चालू ठेवा. एक्सएफएसच्या डीबग बिल्डमध्ये असा विलंब घालायची कळ तयारच आहे.