'सा रे ग म प'चं लिटल चॅम्प्स पर्व लोकांना अजून का आठवतं?

तुम्ही लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या, २००८-०९ च्या झी मराठीवरच्या पर्वाबद्दल विचारताय असं धरतो. माझ्या मते खरं कारण अंतिम फेरीतल्या त्या पाच पोरांची गावं. कार्तिकी गायकवाड आळंदीची, प्रथमेश लघाटे कोकणातला, मुग्धा वैशंपायन अलिबागची, रोहित राऊत लातूरचा, आर्या आंबेकर पुण्याची. पाचांपैकी मुंबईचं कोणीच नाही! फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. पल्लवी जोशींचं निवेदन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात तेव्हा भारनियमन जोरात होतं. लाइन असली की ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीत अर्धी आळी जमायची. कार्तिकीनं गवळण किंवा अभंग धरला की भजनी मंडळातली म्हातारी माणसं सरसावून बसत. खंजिरी भजनात वाढलेल्या माणसांना तो खडा, मोकळा आवाज आपलाच वाटला. शास्त्रीय संगीत न कळणाऱ्यालाही तिचं गाणं कळत होतं, हे फार मोठं आहे.

आपल्या विदर्भाचं म्हणाल, तर मोठ्यांच्या स्पर्धेतली वैशाली माडे विसरू नका. हिंगणघाटची ही गायिका आधी मराठी 'सा रे ग म प' जिंकली आणि २००९ मध्ये हिंदीचंही विजेतेपद घेऊन आली. पुढे 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषालसोबत गायली. आमच्याकडच्या पोरींनी पेटीचे क्लास लावले ते तिच्यामुळं.